फुटक्या मालाची फिर्याद

धुळ्याच्या देवपूर भागात राहणाऱ्या एका बाईंनी भिशीचा नंबर लागल्यावर हाती आलेल्या पैशांतून मोबाइलवरून एक शिलाईयंत्र मागविले. किंमत ८,७०० रुपये. त्यांचे यजमान आमच्या संघटनेचे सभासद होते. ते वारल्यावर शिवणकाम करून घर चालवावे, असा बाईंचा बेत होता. लग्नसराई तोंडावर आलेली. गल्लीतल्या चारसहा जणींनी ब्लाउजांची कापडे आधीच आणून ठेवलेली. पाचव्या दिवशी पार्सल आले. खोका वरून धड दिसत होता. आत पाहतात तो यंत्राची बिडाची मान तडकलेली आणि हातचाक वाकडे झालेले.

बाईंनी मुलाकडून त्याच दिवशी तक्रार करविली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की, माल आमच्याकडून सुस्थितीत निघाला आहे, नुकसान आपल्याकडे झाले असावे, सबब परतीची विनंती नामंजूर. त्या रात्री बाई आमच्या घरी आल्या. चहासुद्धा घेतला नाही. "भाऊ, मना पैसा गयात का?" एवढेच त्यांनी विचारले.

ह्या प्रश्नाचे उत्तर नीट देता यावे म्हणून हा लेख. आम्ही वकील नव्हे. मागणीपत्रे, नोटिसा आणि तडजोडी ह्यांतच आमचे आयुष्य गेले. परंतु घरपोच आलेल्या फुटक्या मालाची फिर्याद ही डाळ मिलमधल्या किंवा यंत्रमागावरच्या कामगाराच्या फिर्यादीहून फारशी निराळी नसते, असे आम्हांला अनुभवाने दिसून आले आहे. दोन्हीकडे एक पक्ष मोठा, दूरचा आणि अनेक तोंडांचा असतो. दुसरा पक्ष एकटा, आणि बहुधा हाती कागद नसलेला. म्हणून जी रीत तिथे उपयोगी पडते, तीच इथेही पडते.

जबाबदार कोण?

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर घेतलेले भांडे गळके निघाले, तर गिऱ्हाईक ते दुसऱ्या दिवशी उचलून दुकानात नेत असे आणि चार माणसांदेखत गल्ल्यावर ठेवीत असे. दुकानदार ते बहुधा बदलून देई. तो साधुसंत होता म्हणून नव्हे. मापात मारणारे आणि भेसळ करणारे दुकानदार आम्हीही पुष्कळ पाहिले आहेत. परंतु त्या चार माणसांत आपले नाव जाईल, ही भीती त्याला असे. गिऱ्हाइकाची खरी ताकद त्या चार माणसांत होती.

मोबाइलवरच्या खरेदीत तो गल्ला राहिला नाही आणि ती चार माणसेही राहिली नाहीत. त्याऐवजी चार पक्ष उभे राहिले. माल विकणारा विक्रेता एक. ज्याच्या ॲपवर तो विकतो, तो ऑनलाइन बाजार दुसरा. माल वाहून आणणारी कुरियर कंपनी तिसरी. आणि माल बनविणारा कारखानदार चौथा. माल फुटका निघाला की विक्रेता कुरियरकडे बोट दाखवितो, कुरियर विक्रेत्याच्या बांधणीकडे, बाजार म्हणतो आम्ही केवळ जागा देतो, आणि कारखानदार म्हणतो की आमच्या हमीत तुटफूट येत नाही.

हे चक्र कामगाराला पाठ आहे. मजुरी थकली की मालक म्हणतो कंत्राटदाराला विचार, आणि कंत्राटदार म्हणतो मालकाकडून बिल आले नाही. ह्यावर तोड म्हणून १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरविले की, कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने ती द्यावी आणि मग त्याने कंत्राटदाराकडून वसूल करावी. दोघांच्या भांडणात कामगार उपाशी राहू नये, हे त्यातले तत्त्व. ग्राहकाच्या बाबतीत कायदा अगदी तिथवर पोहोचला आहे असे नाही; परंतु त्या दिशेने तो पुष्कळ चालून आला आहे, आणि तो कुठवर आला आहे हे ठाऊक नसल्यामुळेच आपली माणसे पहिल्या नकाराला घाबरून गप्प बसतात.

कायदा कुठवर आला आहे

सुरुवात १९३० च्या मालविक्री कायद्यापासून करू. माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे, आणि खरेदीदाराला तो तपासून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, हे त्या कायद्यात आहे. परंतु त्याच कायद्यात एक कलम असेही आहे की, माल नाकारीत असल्याचे न कळविता खरेदीदाराने तो वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असे धरले जाते. थोडक्यात, मौन म्हणजे संमती. हे वाक्य प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे.

पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. त्या कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस आपल्याकडे राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. जिल्ह्याच्या ठिकाणी साध्या माणसाला दाद मागता यावी, ही सोय त्या कायद्याने केली. मात्र त्यात एक अडचण होती. तक्रार करावयाची ती जिथे समोरच्याचा धंदा चालतो तिथे, किंवा जिथे तक्रारीचे कारण घडले तिथे. समोरचा पक्ष दुसऱ्या राज्यातला असला, की कारण कुठे घडले ह्यावरच वाद घालण्याची त्याला सोय होती.

२०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्याने हा वाद मिटविला. ग्राहक जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. विक्रेता कुठल्याही राज्यातला असो, धुळ्याच्या बाईंनी धुळ्यात आणि जळगावच्या माणसाने जळगावात तक्रार करावी. ऑनलाइन खरेदी करणारा हाही ग्राहकच, हे ह्या कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे.

त्याच जुलै २०२० मध्ये ऑनलाइन व्यापारासाठी स्वतंत्र नियम निघाले. त्यांतल्या चार गोष्टी आम्ही सभासदांकडून पाठ करून घेतो. पहिली: माल सदोष असेल, किंवा जाहिरातीत दाखविल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. दुसरी: प्रत्येक ऑनलाइन बाजाराने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे आणि त्याचे नाव व संपर्क ॲपवर दिसेल असा ठेवला पाहिजे. तिसरी: त्या अधिकाऱ्याने ४८ तासांच्या आत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्याच्या आत तिचे निवारण करावे. चौथी: प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळाला पाहिजे, आणि विक्रेत्याचे नाव, पत्ता व संपर्क ग्राहकाला कळला पाहिजे.

आता बाईंना आलेला नकार पुन्हा वाचावा. तो विक्रेत्याचा नकार होता. तक्रार निवारण अधिकाऱ्यापर्यंत त्यांची तक्रार अजून पोहोचलीच नव्हती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने नाही म्हटले म्हणून मागणीपत्र फेटाळले गेले, असे आपण समजत नाही. इथेही समजू नये.

पहिल्या दिवसाचे काम

ह्या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा दिवस पहिला. तो गेला की पुढे वकील लावूनही भरून निघत नाही. ह्याचे उदाहरण जळगावचेच आहे.

तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाळ मिलमधील आमच्या सभासदाने मुलीच्या आंदणासाठी मिक्सर मागविला. लग्नाला दीड महिना अवकाश होता. खोका फोडला तर जुना दिसेल, म्हणून त्याने तो तसाच माळ्यावर ठेवला. लग्न झाले, आंदण मुलीच्या सासरी गेले, आणि तिथे पाच माणसांदेखत खोका उघडला तेव्हा एक भांडे फुटलेले आणि यंत्राच्या बुडाचा तुकडा उडालेला निघाला. ॲपवरची परतीची मुदत केव्हाच संपली होती. कायद्याने दाद मागायला दोन वर्षे असतात, हे खरे. कंपनीची सात-दहा दिवसांची मुदत हा तिचा आपला नियम, तो कायद्याहून मोठा नव्हे. परंतु दाद मागायची तर सांगायचे काय? खोका माळ्यावर पडला की टेम्पोत आदळला, हे सिद्ध कशाने करायचे? आम्ही पत्रे लिहिली, पण हाती काही लागले नाही. बापाने उसने घेऊन दुसरा मिक्सर दिला. मुलीला सासरी जे ऐकावे लागले, त्याची भरपाई कोणत्याच आयोगाकडे नाही.

म्हणून पार्सल आले की खालील गोष्टी कराव्यात. त्यांना खर्च नाही.

खोका घेण्यापूर्वी बाहेरून पाहावा. कोपरा चेपलेला, चिकटपट्टी दुसऱ्यांदा लावलेली, खोका ओला झालेला दिसला तर आधी फोटो घ्यावा. माल महाग असेल आणि दारातच खोका उघडून दाखविण्याची सोय असेल, तर ती घ्यावी. नंतर घरातल्या कोणाला तरी मोबाइल धरायला सांगून खोका उघडण्याचा व्हिडिओ करावा. सुरुवात खोक्यावरच्या पत्त्याच्या चिठ्ठीपासून करावी आणि माल पूर्ण बाहेर येईपर्यंत मध्ये थांबवू नये. आंदणाचा असो वा दिवाळीचा, माल आला त्याच दिवशी उघडून, चालवून पाहावा. फुटका निघाला तर खोका, आतले थर्माकोल, चिठ्ठी, पावती, काहीही फेकू नये. आणि तो माल वापरू नये. कारण वापरलेला माल नाकारला असे म्हणता येत नाही.

तक्रार त्याच दिवशी नोंदवावी. ॲपवर कारण निवडायला सांगतात, तिथे घाई करू नये. 'नको आहे' किंवा 'आवडले नाही' हे कारण निवडले की सगळा दावाच बदलतो. 'माल फुटका आला' हेच कारण निवडावे. तक्रार क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. फोनवर कोणी काही आश्वासन दिले, तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याने सांगितलेले नाव तिथेच खाली लिहावे. कामगाराला हजेरीपटाचे जे महत्त्व, ते ग्राहकाला ह्या वहीचे.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे भाग आहे. कंपनीचा मदत-क्रमांक इकडेतिकडे शोधू नये. असे शोधून लावलेला फोन पुष्कळदा भामट्याकडे जातो. तो गोड बोलून, पैसे परत करतो म्हणून, एक चिठ्ठी पाठवितो आणि गुप्त क्रमांक टाकायला सांगतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो. तरीही फसगत झालीच, तर १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. तिथे एकेक मिनिट मोलाचे असते.

दुसरी गोष्ट, पार्सल आणून देणाऱ्या पोरावर राग काढू नये. खोक्यात काय आहे हे त्याला ठाऊक नसते. बांधणी त्याची नसते आणि नफाही त्याचा नसतो. मेच्या उन्हात आपल्या खानदेशात दुपारी गाडी हाकणारा तो आपल्यासारखाच कष्टकरी आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' म्हणून त्याची व्याख्या केली गेली, इतका उशिरा कायद्याला त्याचा चेहरा दिसला. तक्रार पत्त्यावर जावी. दारात उभ्या असलेल्या माणसावर जाऊ नये.

पत्र कसे लिहावे

बाईंकडे खोका उघडण्याचा व्हिडिओ नव्हता. परंतु पार्सल आल्यावर तासाभरात मुलाने तडकलेल्या मानेचे फोटो काढले होते, आणि मोबाइलमध्ये त्यांची वेळ नोंदलेली होती. खोका जपून ठेवला होता. आम्ही तो उलटा करून पाहिला तेव्हा बुडाशी एक कोपरा आत दबलेला दिसला, आणि एवढ्या जड यंत्राखाली थर्माकोलची एक पातळ पट्टी तेवढी होती. त्याचेही फोटो घेतले.

मग तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिले. पत्रात 'अन्याय', 'लूट', 'गरीब विधवा' असले शब्द आम्ही घातले नाहीत. मागणीपत्रात राग जितका कमी, तितके वजन अधिक. पत्राचा सांगाडा असा होता: अमुक तारखेला, अमुक क्रमांकाच्या मागणीने, अमुक रुपये भरून यंत्र मागविले. अमुक तारखेला, अमुक वाजता ते मिळाले. उघडताच ह्या दोन गोष्टी मोडलेल्या आढळल्या. फोटो सोबत आहेत. त्याच दिवशी अमुक क्रमांकाने तक्रार केली. विक्रेत्याने ती नाकारली, त्याचे उत्तर सोबत आहे. बांधणी अपुरी होती, हे खोक्याच्या फोटोंवरून दिसेल. सदोष माल परत घेण्यास नकार देता येत नाही, असे २०२० च्या नियमांत आहे. सबब यंत्र आपल्या खर्चाने परत न्यावे आणि पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत करावी. अन्यथा जिल्हा आयोगाकडे जावे लागेल. शेवटी विक्रेत्याचे पूर्ण नाव व पत्ता मागितला.

पोच दोन दिवसांत आली. त्यानंतर मात्र एक नवीनच हरकत निघाली. यंत्र व्यवसायासाठी घेतले आहे, त्यामुळे आपण ग्राहक ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. बाई हबकल्या. वास्तविक ह्या हरकतीचे उत्तर कायद्यातच लिहिलेले आहे. व्यापारी कामासाठी माल घेणारा ग्राहक नव्हे, हे खरे. परंतु जो माणूस स्वतः राबून, केवळ आपल्या पोटापाण्यासाठी ती वस्तू वापरतो, त्याचे ते काम व्यापारी धरावयाचे नाही, असे स्पष्टीकरण तिथेच आहे. स्वतः शिवणारी बाई, स्वतःची रिक्षा चालविणारा माणूस, स्वतः गिरणीवर बसून पीठ दळणारा, हे सारे ग्राहक आहेत. दहा यंत्रे घेऊन दहा बायका कामाला ठेवणारा कारखानदार निराळा. हे दोन ओळींत लिहून आम्ही उत्तर पाठविले.

पुढची दोन दारे

त्याच दिवशी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली. तिथे मराठीतही बोलता येते. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती कोणाला हुकूम करू शकत नाही; तक्रार कंपनीकडे पोहोचवून तिचे उत्तर मागते. आमच्या भाषेत बोलावयाचे तर, ती समेट अधिकाऱ्यासारखी आहे. परंतु सरकारी दप्तरात नोंद झाली की कंपनीच्या बोलण्यात फरक पडतो, हे आम्ही पाहिले आहे.

समेट फसला तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. माल घेताना भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार तिथे चालते. रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी काहीच नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. ग्राहकाला स्वतः उभे राहता येते. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. त्यासाठी सप्टेंबर २०२० मध्ये 'ई-दाखिल' सुरू झाले होते आणि १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृति' ही नवी व्यवस्था आली. दृक्‌श्राव्य सुनावणीची सोयही कायद्यात आहे. आयोग माल बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा, नुकसानभरपाईचा आणि तक्रारीच्या खर्चाचा हुकूम देऊ शकतो. हुकूम मोडणाऱ्याला दंड व कैद ह्यांची तरतूद आहे.

साध्या प्रकरणाचा निकाल तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी करावी लागली तर पाच महिन्यांत लागावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ लागतो, हे लपविण्यात अर्थ नाही. म्हणूनच पहिला दिवस, पत्र आणि हेल्पलाइन ही कामे चोख करावीत. आयोगाकडे जायची तयारी ज्याच्या वहीत दिसते, त्याला बहुधा आयोगापर्यंत जावे लागत नाही.

बाईंचे तसेच झाले. पत्र पाठविल्यापासून एकोणिसाव्या दिवशी यंत्र परत न्यायला माणूस आला, आणि सव्विसाव्या दिवशी ८,७०० रुपये खात्यात जमा झाले. त्या पैशांतून त्यांनी धुळ्यातल्याच दुकानातून, हातचाक स्वतः फिरवून पाहून, दुसरे यंत्र घेतले.

परंतु तोवर लग्नसराईचा महिना गेला होता. आणून ठेवलेली कापडे बायका परत घेऊन गेल्या होत्या. त्या बुडालेल्या शिलाईची भरपाई आयोगाकडे मागावी, असे आम्ही सुचविले. बाई म्हणाल्या, "भाऊ, तारखेला आले की त्या दिवसाची शिलाई बुडणार. राहू द्या." आम्ही आग्रह केला नाही. पैसे परत मिळाले म्हणजे न्याय पुरा झाला असे नव्हे, एवढे मात्र इथे नोंदवून ठेवतो.

एकट्याचे आणि अनेकांचे

एवढ्याशा रकमेसाठी इतका खटाटोप कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. रोजी ४०० रुपये धरली तर ८,७०० रुपये म्हणजे जवळजवळ बावीस दिवसांची मजुरी. बावीस दिवसांची मजुरी मालकाने कापली, तर आपण काम बंद ठेवू. मग विक्रेत्याने कापली तर नशिबाला दोष का द्यावा?

दुसरे असे की, गप्प बसणारा माणूस केवळ स्वतःचे पैसे सोडीत नाही. पुढच्या माणसाचा फुटका माल तो बांधून ठेवतो. ऑगस्ट २०२२ मधले एक प्रकरण इथे सांगण्याजोगे आहे. ॲमेझॉनच्या बाजारावर सक्तीच्या मानकात न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर विकले गेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आदेश दिला की, ते घेणाऱ्या सर्वांना कळवावे, कुकर परत घ्यावेत, पैसे परत करावेत. आणि शिवाय १ लाख रुपये दंड केला. आम्ही केवळ मध्यस्थ, हे म्हणणे प्राधिकरणाने मानले नाही, कारण प्रत्येक विक्रीवर बाजाराला मोबदला मिळत होता. प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयातही गेले. आपल्या दृष्टीने त्यातला मुद्दा असा की, जो प्रश्न एका स्वयंपाकघराचा वाटतो तो हजारो स्वयंपाकघरांचा असू शकतो, आणि ते उघडकीला यायचे तर नोंद झाली पाहिजे.

ही दृष्टी कामगारांना नवी नाही. इंग्लंडात रॉचडेल गावी १८४४ साली अठ्ठावीस माणसांनी, त्यांत विणकर पुष्कळ, थोडे थोडे पैसे जमवून स्वतःचे दुकान काढले. मजुरी तुटपुंजी, आणि त्या मजुरीत मिळणारे पीठ भेसळीचे, हे त्यांचे दुखणे होते. २१ डिसेंबर १८४४ रोजी ते दुकान उघडले तेव्हा त्यात लोणी, साखर, पीठ आणि मेणबत्त्या असा जेमतेम माल होता. पण तो चोख होता आणि मापात पुरा होता. आपल्याकडे बिंदुमाधव जोशी ह्यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. तिच्याही मुळाशी हेच, की गिऱ्हाइकाने एकटे राहू नये. मजुरी वाढवून घेणे ही अर्धी लढाई; त्या मजुरीचे मोल बाजारात पुरे पदरात पाडून घेणे ही उरलेली अर्धी.

ह्याला धरून एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. वापरलेला माल फुटला म्हणून परत करणारे, स्वतः पाडलेले भांडे कंपनीच्या माथी मारणारे लोकही आपल्यात आहेत. खोटी मागणी करणारा पुढारी खऱ्या मागणीचाही घात करतो. देवपूरच्या बाईंना पहिल्या दिवशी जो संशय सोसावा लागला, त्यात अशा लोकांचाही वाटा आहे.

आमच्या कार्यालयात आता मजुरीच्या तक्रारींच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवलेली आहे. तीत तारीख, माल, किंमत, तक्रार क्रमांक, काय झाले, असे पाच रकाने आहेत. दर रविवारी ज्यांना लिहिता येते ते ज्यांना येत नाही त्यांची पत्रे लिहून देतात. अशी वही प्रत्येक गल्लीत, महिला बचत गटात, वाचनालयात ठेवता येईल. एक वही, एक पेन आणि आठवड्यातला एक तास, एवढेच भांडवल तिला लागते. पूर्वी गल्ल्यासमोर उभी राहणारी ती चार माणसे पुन्हा एकत्र आणण्याचा ह्याहून सोपा उपाय आम्हांला सुचलेला नाही.

बाईंच्या प्रश्नाला त्या रात्री आम्ही उत्तर दिले ते असे: पैसे गेले की नाही हे विक्रेत्याने ठरवायचे नसते. आधी खोका जपून ठेवा. उद्या सकाळी मुलाला घेऊन या, पत्र लिहू.